सोन्याचे नॅनोकण टाकल्यावर ग्राफीनचा डिरॅक पॉइंट उलट का सरकला?

षट्कोनी:
तांब्यावर वाढवलेलं सीव्हीडी (वायूंपासून थर वाढवण्याची पद्धत) ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर, पीएमएमए (एक प्लास्टिक) वापरून सिलिकॉनवर उतरवलंय, ऑक्साइड ३०० नॅनोमीटर. संपर्कासाठी ५ नॅनोमीटर क्रोमियम, वर ५० नॅनोमीटर सोनं. हवेत मोजलं तेव्हा डिरॅक पॉइंट (ज्या गेट व्होल्टेजला ग्राफीनमधला प्रवाह सर्वांत कमी असतो; तो धन बाजूला असेल तर पी-डोपिंग) +३५ व्होल्टवर होता. मग थर्मल इव्हॅपोरेशनने १ नॅनोमीटर सोनं टाकलं. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) सोन्याची सुटी बेटं दिसतात. आता निर्वात प्रोब स्टेशनमध्ये तो +१२ वर आलाय. सोन्याचं वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) ग्राफीनपेक्षा जास्त आहे, म्हणजे सोन्याने इलेक्ट्रॉन ओढून घेऊन पी-डोपिंग वाढायला हवं ना?

निर्वात:
आधी हे बघा की सरकण्यातला सोन्याचा वाटा किती. +३५ चा बराचसा भाग हवेतलं पाणी, ऑक्सिजन आणि पीएमएमएचा उरलेला थर यांचा असतो. चेंबर निर्वात केला की पाणी-ऑक्सिजन निघू लागतात आणि सोन्याचा एक कणही न पडता डिरॅक पॉइंट शून्याकडे येतो. तुम्ही आधी हवेत मोजलंत, नंतर निर्वातात. ही तुलनाच होत नाही.

त्याच चिपवरची दोन-तीन उपकरणं झाकून ठेवा, बाकीच्यांवर सोनं टाका आणि सगळी एकाच स्थितीत मोजा. ड्रेन व्होल्टेज १० मिलीव्होल्टच्या आसपास असू द्या. गेट व्होल्टेज दोन्ही दिशांनी, चढतं आणि उतरतं, फिरवा. जाता-येता डिरॅक पॉइंट वेगवेगळ्या जागी आला, तर बहुधा पृष्ठभागावर पाणी अजून आहे.

३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर गेटच्या एका व्होल्टला दर चौरस सेंटीमीटरमागे साधारण ७२०० कोटी वाहक येतात. तुमचे २३ व्होल्ट म्हणजे सुमारे १.६५ लाख कोटी. झाकलेल्या उपकरणांवरही एवढाच फरक दिसला, तर सोन्याचा हिशेब शून्य.

पातळथर:
वर्क फंक्शनच्या तर्कातही एक अडचण आहे. २००८ च्या सैद्धांतिक गणितानुसार ग्राफीन आणि धातूच्या सीमेवर द्विध्रुव (धन-ऋण भारांची जोडी) तयार होतो, त्यामुळे एन-डोपिंग (जादा इलेक्ट्रॉन) आणि पी-डोपिंग यांची सीमा ग्राफीनच्या स्वतःच्या ४.५ वर न राहता ५.४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास जाते. सोन्याचं मूल्य पृष्ठभागाच्या स्वच्छतेनुसार ५.१ ते ५.५, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. सुट्या अणूंनी आणि छोट्या पुंजक्यांनी एन-डोपिंग केल्याचं प्रयोगांत दिसलंय. तेव्हा झाकलेली उपकरणं जागची हलली नाहीत, तर तुमचा निकाल खराही असू शकतो.

रामनही (लेझर प्रकाशाच्या विखुरण्यावरून पदार्थ तपासणारी चाचणी) करा. त्यातलं ‘जी’ (G) शिखर दोन्ही प्रकारच्या डोपिंगमध्ये वर सरकतं, त्यावरून प्रकार ठरत नाही. ‘जी’ आणि ‘टू-डी’ (2D) शिखरं एकत्र बघा. पी-डोपिंगमध्ये टू-डीही वर जातं. मात्र ताणानेही दोन्ही सरकतात. दर सेंटीमीटरला १३५० जवळ ‘डी’ (D) शिखर वाढलं, तर ग्राफीनलाच इजा झाली. म्हणूनच इथे स्पटरिंग (आयनांच्या माऱ्याने धातू उडवून थर देणं) नको.

षट्कोनी:
पक्कं पी-डोपिंगच हवं असेल तर? सिट्रेटवाले (सिट्रिक आम्लाच्या क्षाराचं आवरण असलेले) तयार सोन्याचे कण टाकू का?

पातळथर:
नको. सिट्रेटचं आवरण सोनं आणि ग्राफीनमध्ये येतं, आणि मग परिणाम सोन्याचा की सिट्रेटचा हे कळत नाही. त्यापेक्षा गोल्ड क्लोराइड: नायट्रोमिथेनमध्ये १० मिलिमोलर द्रावण, २००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) एक मिनिट स्पिन. सोन्याचे आयन ग्राफीनमधून इलेक्ट्रॉन घेऊन तिथेच कण बनतात, त्यामुळे डोपिंग जोरदार होतं. पण दमट हवेत ते दिवसागणिक उतरतं, वरून संरक्षक थर लागतोच. कण मोठे झाले तर पृष्ठभाग खडबडीत होतो. गेट वरून बसवायचा असेल तर तिथे गळती होते. नायट्रोमिथेन ज्वालाग्राही आणि स्फोटक आहे, काम फ्यूम हूडमध्येच करा आणि बाटली उष्णतेपासून लांब ठेवा.