‘शिक्षा’ हा शब्द मराठीत इतका कठोर कसा झाला?

प्रश्न
एका हिंदी लेखाचा मराठी अनुवाद तपासताना ‘शिक्षा हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे’ असे वाक्य समोर आले आणि मी थबकलो. मूळ हिंदीत अर्थातच शिक्षण अभिप्रेत होते. बंगालीतही ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षणच. मग मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि मल्याळम या भाषांत तोच शब्द गुन्हेगाराच्या वाट्याला कसा आला?

प्रतिसाद १
मूळ अर्थ शिकण्याचाच आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या पारंपरिक यादीत, ‘शिक्ष्’ हा विद्या ग्रहण करणे या अर्थाचा स्वतंत्र धातू दिला आहे. आधुनिक भाषाशास्त्र मात्र त्याला ‘शक्’ धातूचे इच्छादर्शक रूप मानते, म्हणजे ‘समर्थ होऊ इच्छिणे’. मला ही दुसरी व्युत्पत्ती फार सुंदर वाटते. सहा वेदांगांपैकी ‘शिक्षा’ हे उच्चारशास्त्र आहे. पालीत त्याचे ‘सिक्खा’ झाले, आणि पंचशील ग्रहण करताना ‘सिक्खापदं समादियामि’ असे आजही म्हटले जाते. आपले ‘शिकणे’ प्राकृतातील ‘सिक्ख’वरूनच आले. म्हणजे मराठीने मूळ अर्थ टाकलेला नाही. शिकणे, शिक्षक, शिक्षण यांत तो जपला आहे.

प्रतिसाद २
अर्थ कोणत्या वाटेने सरकला, हे पाहायला आपले रोजचे बोलणे पुरेसे आहे. ‘त्याला चांगला धडा शिकवला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तिथे ना पुस्तक असते ना फळा. ‘शास्’ धातूचेही तसेच आहे: उपदेश करणे, राज्य करणे आणि दंड करणे हे तिन्ही अर्थ त्यात असल्यामुळे शिष्य, शास्त्र आणि शासन हे शब्द एकाच घरचे ठरतात, आणि ‘गुन्हेगाराला कडक शासन व्हावे’ हे मराठी वाक्य कोणालाही खटकत नाही. अरबीत ज्या मूळापासून ‘अदब’ आला, त्याच मूळाच्या ‘तअदीब’ या शब्दात संस्कार आणि शासन हे दोन्ही अर्थ आहेत.

प्रतिसाद ३
अनुवादकांनी ‘दंड’ शब्दाकडेही लक्ष द्यावे. हिंदीत तो कोणत्याही शिक्षेला चालतो. मराठीत ‘मृत्युदंड’ असला, तरी नुसता ‘दंड’ म्हटले की पैसे भरणेच डोळ्यांसमोर येते. म्हणूनच आपल्याकडील निकालांच्या बातम्यांत ‘कारावासाची शिक्षा आणि दंड’ असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात.