मदत हवी आहे: रोज चालते, तरी पायांत जोर नाही. पन्नाशीनंतर ताकदीच्या सवयी कशा लावल्यात? (ठाणे)

नमस्कार. मी पाचपाखाडीत राहते, वय ५२. गेली आठ वर्षं सकाळी सहाला कचराळी तलावाच्या ट्रॅकवर ४० मिनिटं चालते. धो धो पावसाचे दिवस सोडले तर खंड नाही. साखर, बीपी आटोक्यात आहे. त्यामुळे तब्येतीचं आपलं बरं चाललंय, अशी माझी पक्की समजूत होती.

यंदा गौरी बसवताना ती समजूत मोडली. खाली मांडी घालून दागिने गाठवत होते. अर्ध्या तासाने उठायला गेले तर उठवेना. एक हात चौरंगावर, दुसरा गुडघ्यावर, मग एक पाय पुढे, असं करत उठले. माझ्या भाराने चौरंग कलला, वरचं निरांजन घसरलं, जावेने झटकन उचललं म्हणून बरं. दुखत काहीच नव्हतं. मांड्यांत जोरच नव्हता.

त्या क्षणी डोळ्यांसमोर आई आली. तिला ७९ चालू आहे. दोन वर्षांपूर्वी पहाटे बाथरूमच्या उंबऱ्याला पाय अडखळला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण रोज एकटी कौपिनेश्वराला जाणारी ही बाई आता देव्हाऱ्यापर्यंत वॉकर घेऊन जाते. तिला ना मधुमेह होता ना हृदयविकार. पायच कमी पडले.

आईकडे येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना गौरीचा किस्सा सांगितला. त्यांनी मला जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत बसवलं, हात छातीवर घ्यायला लावले आणि म्हणाल्या, "आता ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते पाहू." ११ वेळा जमलं आणि मांड्या थरथरायला लागल्या. साठीच्या बायकांनाही १२ तरी जमायला हवं, म्हणाल्या. त्यांचं म्हणणं असं, की चालणं हृदयाला उत्तमच, सोडू नका, पण स्नायू टिकायला त्यांच्यावर भार पडावा लागतो. तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू घटतात, साठीनंतर वेग वाढतो. त्यात पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं बायकांची हाडंही झपाट्याने विरळ होतात. आठवड्याला १५० मिनिटं चालावं हे मी ऐकलेलं होतं. पण जागतिक आरोग्य संघटना त्याच्याच जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, आणि ६५ नंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचाही, हे मला आठ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी अडचण खाण्याची. आम्ही शाकाहारी. माझं वजन ५८ किलो, म्हणजे किलोमागे ०.८३ ग्रॅम धरले तरी रोज ४८ ग्रॅम प्रथिनं हवीत. एक दिवस वहीत लिहून काढलं: सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, वाटीभर आमटी, भाजी, थोडं दही, रात्री मऊ भात आणि ताक. कसंबसं ३० च्या आसपास जातं. रात्रीच्या जेवणात तर जवळजवळ काहीच नाही.

तर मला विचारायचंय ते असं. जिमची ओढ नाही आणि संध्याकाळी आईला सोडून जाता येत नाही. घरच्या घरी ताकदीचा व्यायाम करून फरक पडलेलं इथे कोणी आहे का? किती दिवसांनी जाणवलं? रात्री हलकंच जेवायची सवय असताना प्रथिनं कशी वाढवलीत? आणि मिस्टरांना कसं तयार करू? ते ५७ चे आहेत, फास्ट लोकलने रोज मुंबईला जातात. स्टेशनचे जिने चढतो तेवढं पुरे, असं म्हणतात. जिने उपयोगाचे आहेत हे मलाही पटतं, पण तीन वर्षांनी निवृत्त झाल्यावर तेही सुटतील.

प्रतिसाद १ (नेरूळ)
ताई, मी ६१ ची. खुर्चीतून उठ-बसनेच सुरुवात केली, दहा-दहाचे दोन फेरे, एक दिवसाआड. पहिला महिना उशी ठेवून खुर्ची उंच केली होती. दोन महिन्यांनी उशी काढली, मग दोन किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून करू लागले. हे वाढवत नेणंच महत्त्वाचं, तेवढ्यावर थांबलं की प्रगतीही थांबते. तोलासाठी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर उभी राहते. ओला ओटा-फरशी असेल तेव्हा नाही हं.

प्रतिसाद २
रात्री मऊ भाताऐवजी मुगाच्या डाळीचं जाड धिरडं आणि वाटीभर घट्ट दही घेऊन बघा, तितकंच हलकं जातं. दुपारी मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे. वय वाढल्यावर किलोमागे १ ते १.२ ग्रॅमही सुचवतात, पण मूत्रपिंडाची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शाकाहारी आहात तर बी १२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. आणि आईंच्या बाथरूममध्ये धरायला दांडा व रात्रीचा मंद दिवा आहे ना?

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. दांडा ऑपरेशननंतर लगेच बसवला, दिव्याचं मात्र सुचलं नव्हतं, उद्याच आणते. धिरडी आज रात्रीच केली, आईनेही दोन खाल्ली. उशी ठेवून दहा वेळा उठले, पाहून मिस्टरही समोरच्या खुर्चीत बसले. त्यांचे नऊ झाले. घरच्या व्यायामाचे आणखी अनुभव असतील तर जरूर लिहा, विशेषतः गुडघे कुरकुरत असताना काय टाळलंत ते.