मदत हवी आहे: लिनक्सवाल्या ब्राऊनचा रिपोर्ट कुणाकडे आहे का? अर्जंट!!

घाईतला_बंड्या: मंडळी उद्या दुपारी बोलायचंय आणि ब्राऊनचा रिपोर्ट मिळत नाहीये, जिकडे बघावं तिकडे नुसत्या त्याला घातलेल्या शिव्या. लवकर सांगा प्लीज.

कोकणी_पेंग्विन: कुठला ब्राऊन? कसला रिपोर्ट? आम्हाला काय स्वप्न पडतंय?

घाईतला_बंड्या: अहो तो थिंक टँकवाला!

जुनं_खोड: केन ब्राऊन. अलेक्सिस द टोकव्हिल इन्स्टिट्यूशन या अमेरिकेतल्या थिंक टँकचा, म्हणजे धोरणांवर अभ्यास करणाऱ्या संस्थेचा, तेव्हाचा अध्यक्ष. २००२ ला ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो ते सॉफ्टवेअर) म्हणजे सुरक्षेला धोका असा पेपर काढला. मग २००४ च्या या रिपोर्टात म्हणे एकटा पोरगा इतक्या लवकर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहूच शकत नाही, लिनस टॉरव्हाल्ड्सने लिनक्स हे मिनिक्स या आधीच्या सिस्टिमवरून घेतलं असणार. त्यासाठी ॲमस्टरडॅमला जाऊन मिनिक्स लिहिणाऱ्या टॅनेनबॉमना भेटला आणि त्यांनीच मे २००४ मध्ये आपल्या साइटवर लिहून टाकलं की लिनक्स लिनसनेच लिहिलंय. साक्षीदारच उलटला, घ्या!

उबुंटू_आजोबा: लिनक्स मिंट टाका. माझ्या २००९ च्या लॅपटॉपवर लोण्यासारखं चालतंय.

कोकणी_पेंग्विन: आजोबा, त्याने हे विचारलंय का? आणि त्या संस्थेला मायक्रोसॉफ्टचे पैसे होते हे पण सांगा की कुणीतरी.

आडवा_सवाल: पैसे घेतले म्हणून मुद्दा आपोआप खोटा होतो का? ओपन सोर्सवाल्यांना काय कंपन्या पैसे देत नाहीत?

जुनं_खोड: पैशाने नाही हो, कोडने खोटा होतो. ब्राऊनने स्वतःच एका प्रोग्रामरला दोन्हीकडचा कोड ताडायला दिला, तर साम्य निघालं फक्त चार बारीक ठिकाणी. त्यातलं एक तर मिनिक्सची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) वाचायची म्हणून असणारच होतं.

घाईतला_बंड्या: पण मला ब्राऊनच्याच बाजूने बोलायचंय!! वादविवाद आहे, चिठ्ठीत तेच आलं.

कोकणी_पेंग्विन: अरे बाबा मग हे पहिल्या ओळीत नको का सांगायला!

जुनं_खोड: मग चोरी हा शब्दच काढू नकोस, तोंडावर पडशील. उधारी म्हण. मिनिक्स १९८७ चं, सोर्ससकट. लिनसच्या पीसीवर तेच होतं, लिनक्स ०.०१ आलं सप्टेंबर १९९१ ला आणि सुरुवातीची फाइल सिस्टिम पण मिनिक्सचीच. इतकं खरं आहे, त्यावर पाच मिनिटं निघतील.

घाईतला_बंड्या: आठ मिनिटं आहेत.

उबुंटू_आजोबा: ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो.