दोन लाइनी, एक सर्व्हर, आणि दुसऱ्या लाइनीचा पत्ता मुका! कोणी सांगा राव

केळीवाला_सावदा:
राम राम मंडळी. सावद्याला एका केळी व्यापाऱ्याकडे काट्याचं आणि बिलिंगचं सर्व्हर बघतो, अल्मा लिनक्स ९ आहे, तीन नेटवर्क कार्ड आहेत. ईथ० आतलं लॅन १९२.१६८.५.१०, ईथ१ ला पहिली फायबर लाइन २०३.०.११३.१८ गेटवे .१७, आणि ईथ२ ला गावातल्या केबलवाल्याकडून घेतलेली दुसरी स्टॅटिक लाइन १९८.५१.१००.३४ गेटवे .३३ (पत्ते बदलून लिहिलेत, कोणी स्कॅन मारू नका). दोन्ही डिफॉल्ट राउट (बाहेर जायचे ठरलेले रस्ते) आहेत, पहिल्याचं मेट्रिक १००, दुसऱ्याचं २००, कमी आकड्याचा रस्ता आधी. दिल्ली-जम्मूकडचे आडते गाडीच्या वजनाची पावती वेबवर बघतात म्हणून एक लाइन गेली तर दुसरी असावी एवढाच हेतू.

आता गंमत अशी की बाहेरून पहिल्या पत्त्याला पिंग लागतं, दुसऱ्याला बिलकुल नाही. पहिल्या लाइनीची वायर उपटली की थोड्या वेळात दुसरा पत्ता आपोआप जिवंत होतो, वायर परत लावली की मेला. केबलवाल्याचा पोरगा येऊन गेला, त्याने तोच पत्ता स्वतःच्या लॅपटॉपला देऊन दाखवला, मस्त चालतो, म्हणे आमच्याकडून ओके. मी आख्खी फायरवॉल बंद करून पाहिली, व्हॉट्सअपवर कोणीतरी सांगितलं म्हणून ईथ२ चा आरपी_फिल्टर (लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, आलेली पॅकेटं गाळायची चाळणी) ० करून पाहिला, काही फरक नाही. सीझन चालू आहे, गेटवर गाड्या उभ्या, शेठ डोक्यावर बसलाय. दोन दिवस झाले. मोबाईलवरून मराठी कीबोर्डने लिहितोय, कमांड समजून घ्या.

धुळेकर७:
आख्खी फायरवॉल बंद करीसन बसना का भो? आधी ती चालू कर, मग बोलू. दोन्ही लाइनी चालू ठेव, दोन खिडक्या उघड, एकीत टीसीपीडम्प (कार्डावरची येणारी-जाणारी पॅकेटं दाखवतो) ईथ१ वर, दुसरीत ईथ२ वर, -एन टाक म्हणजे नावं शोधत बसणार नाही, आणि फक्त आयसीएमपी (पिंगची पॅकेटं) बघ. मग मोबाईलचं वायफाय बंद करून (हे विसरतात सगळे, वायफाय ऑफिसचंच असतं) डेटावरून .३४ ला पिंग मार. काय दिसतं ते जसंच्या तसं सांग.

केळीवाला_सावदा:
ईथ२ वर एको रिक्वेस्ट येताना दिसते, सेकंदाला एक. रिप्लाय कुठेच नाही. ईथ२ वर पण नाही, ईथ१ वर पण नाही. सर्व्हर गप्प बसलाय.

जंक्शनवाली_ताई:
भाऊ, यातच अर्धं उत्तर आलं. टीसीपीडम्पला पॅकेट दिसलं म्हणजे कार्डापर्यंत पोचलं, म्हणजे केबलवाला खरंच बोलतोय. टीसीपीडम्प कर्नलच्या चाळणीच्या आधीच पॅकेट बघतो, म्हणून "आलं पण उत्तर नाही" हे दृश्य दिसलं की पहिला संशय आरपी_फिल्टरवर घ्यायचा. एनस्टॅट -एझेड (कर्नलचे मोजणीचे आकडे दाखवणारी कमांड) मारून रिव्हर्स पाथ फिल्टरचा आकडा बघ, पिंग चालू असताना वाढत असेल तर चोर सापडला.

"मी तर ० केला होता" म्हणशील. यातच सगळे फसतात. कर्नल ऑल ची (सगळ्या कार्डांसाठीची) किंमत आणि त्या कार्डाची किंमत दोन्ही बघतो आणि त्यातली मोठी धरतो. तुझ्या ऑल मध्ये १ असणार, मग ईथ२ ला ० दिलं काय न दिलं काय, १ च चालणार. १ म्हणजे कडक: समोरच्याला उत्तर द्यायचं झालं तर ते याच कार्डातून गेलं असतं का, हे कर्नल तपासतो, नसेल तर पॅकेट गुपचूप टाकून देतो, लॉगमध्येसुद्धा लिहित नाही (लॉग_मार्शियन्स चालू केलं तर लिहितो). २ म्हणजे सैल: त्या पत्त्याकडे कुठल्यातरी कार्डातून रस्ता आहे ना, मग येऊ दे. कडक आणि सैल हे दोन प्रकार २००४ च्या आरएफसी ३७०४ मधले आहेत (आरएफसी म्हणजे इंटरनेट कसं चालावं याचे क्रमांक दिलेले कागद).

रात्रपाळी_जळगाव:
एवढं कशाला, ऑल ० करा ना, विषय संपला. आम्ही सगळीकडे असंच करतो.

जंक्शनवाली_ताई:
नाही संपत. करून बघू दे त्याला, ० नको, ऑल १ राहू दे आणि ईथ२ ला २ दे, मोठी किंमत २ च धरली जाईल. मग परत दोन्हीकडे टीसीपीडम्प.

केळीवाला_सावदा:
ताई, आकडा वाढत होता, बरोबर. ऑल मध्ये १ च निघालं. ईथ२ ला २ केलं. आता रिक्वेस्ट ईथ२ वर येते आणि रिप्लाय ईथ१ वरून जातो!! सोर्स १९८.५१.१००.३४ च आहे पण जातोय पहिल्या फायबरमधून. मोबाईलवर तरी पिंग लागत नाहीच.

जंक्शनवाली_ताई:
हाच तुझा खरा आजार, आरपी_फिल्टर नुसता वरून झाकण होता.

आमच्या भुसावळ स्टेशनचं घे. एक गाडी खंडव्याकडून येते, एक नागपूरकडून, पण मुंबईला जायचं म्हटलं की पुढची लाइन एकच. पुढची लाइन ठरवताना ती कुठून आली हे कोणी विचारत नाही. लिनक्सचं राउटिंग डिफॉल्टला असंच चालतं, पॅकेटला कुठं जायचंय एवढंच बघतो, कुठल्या पत्त्यावरून निघालंय आणि मूळ विचारणा कुठल्या कार्डातून आली होती याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बाहेरचं सगळं मेट्रिक १०० वाल्या डिफॉल्टने जाणार, म्हणजे ईथ१. आता पहिल्या कंपनीच्या राउटरला दिसतं की आपल्या गिऱ्हाईकाच्या वायरमधून दुसऱ्याच कंपनीचा पत्ता सोर्स म्हणून येतोय, तो ते पॅकेट फेकून देतो, आणि फेकायलाच पाहिजे, मे २००० ची आरएफसी २८२७ हेच सांगते, नाहीतर कोणीही कोणाचाही पत्ता लावून हल्ले करेल. वायर उपटल्यावर चालत होतं कारण तेव्हा २०० वाला डिफॉल्ट एकटाच उरायचा. आणि पोराच्या लॅपटॉपला लाइनच एक होती, त्याचं तर चालणारच.

खात्री करायची असेल तर आयपी राउट गेट ८.८.८.८ फ्रॉम १९८.५१.१००.३४ असं विचार, कर्नल स्वतःच सांगेल कुठून पाठवणार ते. आत्ता व्हाया २०३.०.११३.१७ म्हणेल.

इलाज म्हणजे सोर्स बघून रस्ता ठरवणं. वेगळं राउटिंग टेबल (रस्त्यांची यादी) २०० कर, त्यात डिफॉल्ट व्हाया १९८.५१.१००.३३ डेव्ह ईथ२ टाक, आणि आयपी रूल ॲड फ्रॉम १९८.५१.१००.३४ टेबल २००. बस, रूल एकच. पहिल्या लाइनीसाठी पण तसंच टेबल १०० करून ठेव, म्हणजे उद्या मेट्रिक उलटं केलं तरी तिकडचं बिघडणार नाही.

धुळेकर७:
ताईंनी सांगितलेला रूल मेन म्हणजे नेहमीच्या टेबलच्या आधी बसतो, मेन ची प्रायॉरिटी ३२७६६ असते, लहान आकडा आधी. म्हणून एक जोड देतो, नाहीतर उद्या परत येशील. टेबल २०० मध्ये तुझ्या लॅनचा रस्ता नाही. आतला एखादा पीसी जर .३४ वर येत असेल (नावाने उघडत असतील तर येणारच) तर त्याला द्यायचं उत्तर पण टेबल २०० च्या डिफॉल्टने केबलवाल्याकडे निघून जाईल. त्यासाठी वर अजून एक रूल टाक, आयपी रूल ॲड प्रेफ ९० लुकअप मेन सप्रेस_प्रिफिक्सलेंग्थ ०. म्हणजे आधी मेन बघ पण त्यातला डिफॉल्ट धरू नकोस, लॅनसारखे जवळचे रस्ते तेवढे घे, डिफॉल्टची वेळ आली की पुढच्या रूलकडे जा. एका ओळीत सगळं भागतं, लॅनचे राउट प्रत्येक टेबलात कॉपी करत बसायला नको.

केळीवाला_सावदा:
पिंग लागलं!!! एसएसएच (लांबून लॉगिन) पण लागलं दुसऱ्या पत्त्यावर. लॅनवाला रूल आधीच टाकून घेतला. पण वेब उघडत नाही दुसऱ्या लाइनीवरून, पहिल्यावरून उघडतं. पोर्ट ८४४३. एसएसएच चालतं आणि वेब नाही, हे काय नवीन? ॲप डॉकरमध्ये (सर्व्हरच्या आतच वेगळ्या कंटेनरमध्ये) आहे हे सांगायचं राहिलं, सॉरी.

धुळेकर७:
महत्त्वाचं तेवढंच सांगायचं राहिलं!

जंक्शनवाली_ताई:
डॉकर म्हणजे मध्ये डी-नॅट (पॅकेटचा पोचायचा पत्ता बदलणं) आलं. एसएसएच सर्व्हरवर थेट चालतं, त्याचं उत्तर .३४ सोर्स घेऊनच जन्माला येतं, रूल लागू होतो. डॉकरच्या ॲपचं उत्तर मात्र कंटेनरच्या पत्त्याने निघतं, १७२.१७.०.२ असं काहीतरी, आणि ते परत .३४ मध्ये बदलतं ते राउटिंग झाल्यानंतर. म्हणजे रस्ता ठरवायच्या क्षणी सोर्स १७२ वाला असतो, तुझा फ्रॉम रूल त्याला ओळखतच नाही, ते मेन टेबलमधून ईथ१ ने जातं. आत येताना पण तसंच, डी-नॅट आधी होतं आणि आरपी_फिल्टरची तपासणी नंतर, म्हणून ईथ२ चं २ तसंच राहू दे.

दोन वाटा आहेत. पहिली कनेक्शन मार्कची, म्हणजे कनेक्शनवर खूण करून रस्ता ठरवायची. आयपीटेबल्सच्या मँगल टेबलच्या प्रीराउटिंगमध्ये (रस्ता ठरायच्या आधी) ईथ२ वरून आलेल्या नवीन कनेक्शनला कॉनमार्क सेट २, डॉकरच्या ब्रिजवरून (कंटेनर जोडणाऱ्या आतल्या कार्डावरून) येणाऱ्या पॅकेटला कॉनमार्क रिस्टोर, आणि आयपी रूल ॲड एफडब्ल्यूमार्क २ टेबल २००. रिस्टोर फक्त ब्रिजकडून येणाऱ्यालाच करायचा. वरचा सप्रेसवाला रूल नसेल आणि ईथ२ वरून आत येणाऱ्या पॅकेटलाही मार्क चिकटला तर ते कंटेनरकडे जायच्या ऐवजी टेबल २०० च्या डिफॉल्टने आल्या पावली परत बाहेर जातं. मी यात एक आख्खी रात्र घालवली आहे, एसी बंद पडलेल्या खोलीत, मे महिन्यात, भुसावळला. पुढचं सांगत नाही.

दुसरी वाट सोपी: कंटेनरला नेटवर्क होस्ट (सर्व्हरचंच नेटवर्क) दे. मग डी-नॅटच नाही, ॲप थेट .३४ वरून बोलेल आणि तुझा आधीचाच रूल पुरेल.

केळीवाला_सावदा:
मला समजली ती दुसरी वाट, तीच धरतो.

धुळेकर७:
धर, पण फायरवॉलडीत ८४४३ स्वतः उघडायला लागेल आता. आधी डॉकर त्याची भोकं स्वतःच पाडून घ्यायचा. आणि कधी यूडीपीचं काही टाकलं, ओपनव्हीपीएन वगैरे, तर ते सगळ्या पत्त्यांवर ऐकतं पण उत्तर देताना सोर्स कर्नलला निवडू देतं, मग परत ईथ१ चाच पत्ता लागतो. ओपनव्हीपीएनमध्ये मल्टीहोम नावाचा पर्याय त्याच्यासाठीच आहे.

मिरची_नंदुरबार:
आमच्याकडे वेगळीच भानगड झाली होती, म्हणून विचारतो, तिन्ही वायरी एकाच साध्या स्विचमध्ये तर खुपसल्या नाहीत ना? आमच्या सर्व्हरला दोन कार्ड एकाच सबनेटमध्ये होते, एका कार्डाच्या पत्त्याची एआरपी विचारणा (हा पत्ता कोणाकडे आहे, अशी) आली की दुसरं कार्डच उत्तर द्यायचं, लिनक्स पत्ता कार्डाचा न मानता आख्ख्या मशीनचा मानतो. एआरपी_इग्नोर १ आणि एआरपी_अनाउन्स २ केल्यावर शांत झालं. टीसीपीडम्पला -ई लावला की कार्डाचा स्वतःचा मॅक पत्ता दिसतो, त्यावरून सापडलं.

केळीवाला_सावदा:
नाही दादा, वेगवेगळ्या वायरी थेट कार्डात आहेत.

बीएसडी_बाबा:
फ्रीबीएसडीवर असतास तर पीएफच्या (तिथल्या फायरवॉलच्या) पास इन ओळीत रिप्लाय-टू लिहून मोकळा झाला असतास, ज्या दारातून आलं त्याच दाराने उत्तर. गरज पडली तर सेटफिब (प्रोग्रामला वेगळं राउटिंग टेबल देणारी कमांड) आहेच. पण ऐकतो कोण.

धुळेकर७:
बाबा, शेठला विचारा काट्याचं सॉफ्टवेअर फ्रीबीएसडीवर चालतं का ते!

केळीवाला_सावदा:
वेब चालू झालं होतं, रात्री आडत्याने पावती पण उघडली. मग पहाटे लाइट गेली. इन्व्हर्टरवर सर्व्हर टिकला पण केबलवाल्याचा डबा बंद पडला, लाइट आली, डबा चालू झाला, आणि दुसरा पत्ता परत मुका. आयपी रूल शो मध्ये रूल दिसतोय. आता काय?

जंक्शनवाली_ताई:
आयपी राउट शो टेबल २०० बघ. रिकामं असेल. डबा बंद म्हणजे लिंक गेली, लिंक गेली की नेटवर्कमॅनेजर (कार्डांची सेटिंग सांभाळणारा प्रोग्राम) थोडं थांबून त्या कार्डाचं सगळं उतरवतो, पत्ताही आणि राउटही. लिंक आल्यावर तो त्याच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेलं तेवढंच परत चढवतो, तू हाताने टाकलेलं त्याला माहीतच नाही. रूल वाचला कारण रूल कार्डाला बांधलेला नसतो. आणि टेबल रिकामं असलं की रूल लागूनही काही सापडत नाही, पॅकेट पुढे मेन मध्ये जातं, परत ईथ१.

एनएमसीएलआयने (नेटवर्कमॅनेजरच्या कमांडने) त्या कनेक्शनमध्येच टाक: आयपीव्ही४.राउट्स मध्ये ०.०.०.०/० १९८.५१.१००.३३ टेबल=२००, आयपीव्ही४.राउटिंग-रूल्स मध्ये प्रायॉरिटी १०० फ्रॉम १९८.५१.१००.३४ टेबल २००. सप्रेसवाला रूल लॅनच्या कनेक्शनमध्ये टाक, म्हणजे बाहेरची लाइन गेली तरी तो राहील. आरपी_फिल्टरचं २ सिसीटीएल.डी (कर्नलच्या सेटिंगचा फोल्डर) मध्ये फाइल करून ठेव. मग हाताने टाकलेलं सगळं काढ आणि स्वतः डब्याचं बटन बंद-चालू करून बघ, लाइटची वाट बघत बसू नकोस.

केळीवाला_सावदा:
केलं ताई. डबा तीन वेळा बंद-चालू केला, सर्व्हर एकदा रीबूट केला, आणि दुपारी लाइटने स्वतः येऊन चौथी परीक्षा घेतली. दोन्ही पत्ते चालू, राउट गेट .३४ साठी ईथ२ दाखवतंय. केबलवाल्या पोराला फोन करून सांगितलं की तुझं बरोबर होतं, तो म्हणे मग बाकी बिल पण देऊन टाका.

रात्रपाळी_जळगाव:
आमच्या इथलं ऑल ० आहे ते मी पण आज रात्री बघतो.