लेकरू हुशार आहे म्हणून वर्गात टिकंना, की एडीएचडी आहे?

मांजराकाठची आई, लातूर
मुलगा तिसरीत. वर्गात बाकावर टिकत नाही, वही अर्धी कोरी. बाई म्हणाल्या, "एडीएचडी वाटतंय, म्हणजे लक्ष न टिकण्याचा, अति चंचलपणाचा त्रास. दाखवून या." घरी मात्र जुना रेडिओ उघडून दोन-दोन तास हलत नाही. सासरे म्हणतात डोकं तेज आहे, शाळाच संथ आहे. मलाही तसंच वाटायलंय.

गुरुजी_परभणी
ताई, सासऱ्यांचं बरोबर आहे. २२ वर्षं शिकवायलोय. हुशार पोराचं गणित आधी उरकतं, मग खोड्या सुरू. पाचवीच्या स्कॉलरशिपचा जुना पेपर समोर ठेवा. त्यात रमला तर आजार कसला?

बालरोग_नांदेड
गुरुजी, राग मानू नका, पण ही कसोटीच चालत नाही. एडीएचडीचं लेकरूही आवडीच्या कामात तासन्‌तास गढून जातं. अडचण असते ती नावडत्या कामाकडं लक्ष वळवण्याची. म्हणून रेडिओवरून काहीच ठरत नाही.
डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांचं निदान करताना डॉक्टर वापरतात त्या पुस्तकात, दुर्लक्षाची ९ आणि चंचलतेची ९ लक्षणं आहेत. एका गटातली तरी किमान ६, सहा महिने टिकलेली, १२ वर्षांच्या आत सुरू झालेली, आणि निदान दोन ठिकाणी दिसणारी हवीत. ताई, चप्पल, डबा, आंघोळ, खेळातली पाळी, इथं काय होतं? नुसत्या पाढ्यांच्या तासालाच त्रास असेल तर मीही शाळेकडंच बोट दाखवीन.

मांजराकाठची आई
महिन्यात तीन डबे हरवले. पण त्याचे वडीलही तसेच, गाडीची किल्ली रोज शोधतात.

बालरोग_नांदेड
हे तपासणाऱ्याला नक्की सांगा. एडीएचडी बऱ्याचदा घराण्यात असतो.

बीडची मावशी
गुरुजी, माझी पोरगी हुशार म्हणून कुणी बघितलंच नाही. दंगा नाही, गप्प खिडकीबाहेर बघत बसायची. सातवीपर्यंत पाठांतरावर निभावलं, आठवीत सगळं कोसळलं. हुशारी आणि एडीएचडी दोन्ही निघालं.

उदगीरचा बाप
आणि आमचं उलटं. एका ठिकाणी दहा मिनिटांत फॉर्म भरून घेतला, गोळ्या लिहून दिल्या. पुढं कळलं, पोराला एका कानानं कमी ऐकू येतं. आधी कान-डोळे तपासा, राव!

बालरोग_नांदेड
दहा मिनिटांत निदान होत नाही, हे मान्य. पालक आणि शिक्षक दोघांशी बोलावं लागतं, झोपेचं विचारावं लागतं.

गुरुजी_परभणी
दोन्ही एकदम असू शकतं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. ताई, तपासणी करा. पेपर तरी पाठवतोच, त्याला आवडंल.