डिस्कवर्ल्डची ४१ पुस्तकं: पहिलं कुठलं उघडू?

सातरस्ता
मावसभावानं टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी इंग्रजी कादंबऱ्यांच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक, ‘द कलर ऑफ मॅजिक’, दिलंय. पुण्याला जाताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये उघडलं. कुर्डुवाडीपर्यंत साठेक पानं झाली, मग पुढं सरकेना. कासवाच्या पाठीवर चार हत्ती आणि त्यांच्या पाठीवर तबकडीसारखं सपाट जग, हे फार आवडलं. पण त्यातला एकही माणूस आपला वाटेना. दिवसभर चादरींच्या दुकानात हिशेब लिहितो, रात्री जेवण झाल्यावर तासभर मिळतो. इंग्रजी जमतं, पण सावकाश. सहावीतली पुतणीही ऐकायला येऊन बसते. नेटानं पुढं वाचू का दुसरीकडून शिरू?

साखरपेठकर
ते बाजूला ठेवा की. १९८३चं पुस्तक आहे, तलवारी आणि जादूगारांच्या जुन्या कथांची त्यात टर उडवलीय. त्या कथा वाचलेल्या नसतील तर निम्मी गंमत हुकते. ‘गार्ड्स! गार्ड्स!’ घ्या, १९८९चं. क्रमानं आठवं, पण मागचं काही अडत नाही. रात्रपहाऱ्याचा कॅप्टन व्हाइम्स पहिल्यांदा भेटतो तो दारू पिऊन गटारात पडलेला. पुढं शहरावर ड्रॅगन येतो आणि हाच माणूस उभा राहतो.

मग लगेच ‘मेन ॲट आर्म्स’. त्यात व्हाइम्सचा बुटांचा हिशेब आहे. पन्नास डॉलरचे बूट दहा वर्षं टिकतात. गरिबाला दहा डॉलरचेच परवडतात, ते एक-दोन हंगामांत फाटतात. दहा वर्षांत त्याचे शंभर डॉलर जातात आणि पाय ओले ते ओलेच. माझे वडील यंत्रमागावर होते. दर पावसाळ्यात नवी स्वस्तातली चप्पल यायची, दिवाळीपर्यंत अंगठा तुटायचा. ते पान मी आईला मराठीत सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, “परत सांग.”

लष्करवाला
मी क्रमानंच वाचली. लेखकाचा हात कसा बसत गेला ते तसंच कळतं. पहिली दोन सोसा.

जुळेसोलापूर
दिवसाला तासभरच मिळत असेल तर सोसायचं कशाला? पुतणी शेजारी असेल तर ‘मॉर्ट’ बरं. मृत्यू एका पोराला हाताखाली शिकाऊ म्हणून ठेवतो. आपला यम रेड्यावर येतो, हा पांढऱ्या घोड्यावर, आणि घोड्याचं नाव बिंकी! मृत्यूचं बोलणं सगळं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, त्यामुळं मोठ्यानं वाचताना आवाज आपोआप बदलतो. एकच, तळटीपा गाळू नका. पोरीला स्वतः वाचायचं असेल तर ‘द वी फ्री मेन’. नऊ वर्षांची टिफनी नदीतल्या राक्षसिणीला तव्यानं हाणते.

सातरस्ता
व्हाइम्सच. बुटांचं वाचून ठरलं. माझ्या वडिलांचंही तसंच होतं, फक्त चप्पलच्या जागी छत्री. ‘द वी फ्री मेन’ पुतणीसाठी मागवतोय. तव्याचं सांगितल्यापासून “कधी येणार” विचारतेय.