बागेत आधी सावली आणि टॉयलेट द्या
वर एकांनी लिहिलंय की पुण्यात प्रत्येक बागेत ओपन जिम आणि कारंजं हवं. असू दे की, पण आधी बाग उघडी तर ठेवा! बहुतेक बागा सकाळी दहा-अकराला बंद होतात त्या थेट चारच्या पुढे उघडतात, मग दुपारी डिलिव्हरीवाली पोरं, घरकाम करणाऱ्या मावश्या ह्यांनी टेकायचं कुठे? आमच्या इथल्या बागेत तर जिमची मशीनं भर उन्हात, हँडलला हात लावला की चटका, आणि टॉयलेटला कुलूप, चावी माळीकाकांकडे, काका जेवायला गेलेले.

दुसरं म्हणजे टेकड्या. १९९७ ला महापालिकेच्या हद्दीत आलेल्या गावांमधल्या टेकड्यांवर बीडीपीचं (म्हणजे जैवविविधता उद्यानाचं) आरक्षण पडलं ते लोक वर्षानुवर्षं भांडले म्हणून, आता तिथे पेव्हर ब्लॉक टाकून 'सुशोभीकरण' नको प्लीज. वेताळ टेकडीवर गिरिपुष्प (बाहेरून आणलेलं, भराभर वाढणारं झाड) लावून झटपट हिरवं केलं, लांबून झकास दिसतं, पण त्याच्या दाटीत गवत धड वाढत नाही आणि आपल्या टेकड्यांची खरी मजा ते गवतच, मधेमधे गणेर, सालई, मोई अशी इथलीच झाडं. उन्हाळ्यात ते गवत वाळलं की लोकांना ओसाड वाटतं, त्याला काय करणार!

आणि हो, महापालिका २००६ पासून बजेटसाठी नागरिकांकडून कामं मागवते, तो फॉर्म भरा की राव. फक्त बाक मागू नका, बाक (नगरसेवकांच्या नावासकट) भरपूर झालेत, प्यायच्या पाण्याचा नळ मागा.